जवभर पुढं

दिवेलागणीची वेळ झाली आहे. पालेगावात या वेळी उजेड दोन वाटांनी येतो. गावातल्या जुन्या घरांत आधी देवापुढचं निरांजन लागतं, मग ओटीवरचा दिवा. नव्या टॉवरमध्ये एकेक खिडकी उजळत वर चढत जाते. अंबरनाथ स्टेशनकडून रिक्षा भरून येतात, रिकाम्या परततात. दूर मलंगगडाची कड हळूहळू आकाशात विरून जाते.

मी गॅलरीत बसले आहे. तुम्ही जिथं असाल तिथं बसा. पाठ भिंतीला टेकलीत तरी चालेल. आजच्या मननाला दोनच वस्तू लागतील: एक आगपेटी आणि तुमचा फोन. फोन उपडा ठेवा. आगपेटी समोर ठेवा, अजून उघडू नका.

श्वास आत येऊ द्या. बाहेर जाऊ द्या. पुढचा श्वास येण्याआधी एक अगदी लहान जागा असते. तिथं छाती वरही जात नाही आणि खालीही जात नाही. ती जागा ओळखून ठेवा. आपल्याला तिथं पुन्हा यायचं आहे.

•

गेल्या गणपतीच्या दिवसांत माझ्या फोनवर एक जाहिरात आली. एआयकडून करवून घेतलेलं अ‍ॅनिमेशन होतं. स्वयंपाकघर सोनेरी उजेडात न्हालेलं. नऊवारीतली आजी, शेजारी नात, पाटावर उकडीचे मोदक. आजीच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसत होती. वाफ वर जात होती, केसांची बट हलत होती. रंगांत खोट काढायला जागा नव्हती.

मी ती तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा फक्त आजीच्या बोटांकडे पाहिलं.

ज्यानं कधी मोदक वळला आहे, त्याला हे ठाऊक असतं. उकडीची पारी तळव्यावर घ्यायची, सारण ठेवायचं, आणि मग चिमटीनं एकेक कळी पाडायची. चिमूट दाबली की उकड किंचित मागं सरते. बोटाला चिकटते, म्हणून बोट तेलात किंवा पाण्यात बुडवावं लागतं. पाचवी कळी पाडताना पहिली उकलते की काय, म्हणून अंगठा नकळत तिकडं जातो. जाहिरातीतल्या आजीची बोटं मोदकावरून नुसती फिरत होती आणि कळ्या आपोआप उमटत होत्या. चिमूट कुठंच नव्हती. उकड कुठंच चिकटली नाही.

डोळे भरून पाहिलं होतं, तरी मन रिकामंच राहिलं. मला रागही आला नाही. एखाद्या घरी आपलं अगत्यानं स्वागत व्हावं आणि आत गेल्यावर घरात कुणीच नसावं, तसं वाटलं.

तुम्हीही अशी एखादी जाहिरात आठवा. ती चांगली की वाईट, हे ठरवू नका. ती पाहताना छातीत काय झालं, एवढंच पाहा. काहीच झालं नसेल, तर त्या ‘काहीच नाही’पाशी थोडं थांबा. त्याचं उत्तर लगेच शोधू नका.

•

आता आगपेटी उघडा.

आगपेटी मी मुद्दाम निवडली. अंबरनाथ पश्चिमेला विमको नाका आहे. विमकोचा आगपेट्यांचा मोठा कारखाना तिथं होता, आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी त्याचं नाव अजून आहे. आगपेटीचं दुसरं नातं आपल्या आजच्या विषयाशी आहे. १९१५ साली दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. भारतातल्या अ‍ॅनिमेशनची सुरुवात सांगताना पहिल्यांदा याच चित्रपटाचं नाव घेतलं जातं. त्यात नट म्हणून होत्या आगकाड्या.

दोन काड्या बाहेर काढा. टेबलावर किंवा जमिनीवर आडव्या ठेवा, एकमेकींपासून वीतभर लांब. आता समजा, ही पहिली काडी दुसरीला भेटायला निघाली आहे. तिला जवाच्या दाण्याएवढी पुढं सरकवा. हात मागं घ्या. पाहा. इथं फाळक्यांनी एक छायाचित्र घेतलं असतं. पुन्हा जवभर पुढं. हात मागं. पुन्हा पाहा.

दहा वेळा करा. घाई नको.

चौथ्या-पाचव्या वेळी काहीतरी होतं. तुम्हाला प्रश्न पडतो: ही सरळ जाईल, की जरा वळून? धीट आहे, की लाजरी? लाजरी असेल तर अर्ध्या वाटेत थबकेल. मग तुम्ही तिला एकदा मुळीच हलवत नाही, किंवा एक जव मागं घेता. त्या क्षणी ती नुसती काडी राहत नाही. तिच्या अंगात काही आलं नाही. तुम्ही तिच्यासाठी काहीतरी ठरवलं, एवढंच झालं.

चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी असतात. हातानं चित्रं काढणारे बहुतेकदा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तीस सेकंदांच्या जाहिरातीला ३६० चित्रं. ३६० वेळा कुणीतरी थांबून विचारलं असतं, आता पुढं किती? आणि का?

फाळक्यांनी हा प्रश्न त्याच्याही आधी एका वाटाण्याला विचारला होता. चित्रपट काढण्यासाठी पैसे उभे करायचे होते. कॅमेऱ्यात काय ताकद आहे हे भांडवल देणाऱ्याला पटावं, म्हणून १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याचं रोज थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर कोंब क्षणांत वर आला. एका अर्थानं तीही जाहिरातच होती, सिनेमा नावाच्या नव्या गोष्टीची. त्याच सुमाराला सतत सिनेमे पाहून आणि जागरणं करून फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. पाहण्यासाठी त्यांनी डोळेच पणाला लावले होते.

त्या रोपाजवळ मनानं बसा. आज वाटाणा फुगला आहे. उद्या माती तडकेल. रोज कुणीतरी येऊन वाकून पाहतं आहे.

•

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याला फार लवकर एक धडा देतात. उडी दाखवायची असेल, तर आकृती आधी खाली वाकली पाहिजे. चेंडू फेकायचा असेल, तर हात आधी मागं गेला पाहिजे. कोणतीही क्रिया सुरू होण्याआधी उलट दिशेला एक लहान क्रिया होते. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली लिहिलेल्या पुस्तकात जी बारा तत्त्वं मांडली, त्यांतलं हे एक. आपल्याकडं खेड्यातल्या मुलालाही हे माहीत असतं. विटी उडवण्याआधी दांडू मागं जातो.

आता तुमचा उजवा हात मांडीवरून उचला. सावकाश. उचलण्याच्या क्षणभर आधी खांद्यात काय झालं? काहीतरी गोळा झालं. इच्छा आधी येते, हालचाल मागून. मघाशी श्वासाच्या मधली जागा आपण पाहिली होती, ती हीच.

काढलेल्या आकृतीत ही इच्छा कुठून येते? काढणाऱ्याच्या अंगातून. चालणारा म्हातारा काढायचा असेल, तर चित्रकार उठून खोलीत म्हाताऱ्यासारखा चालून पाहतो. रुसलेलं मूल काढताना आरशासमोर स्वतःच ओठ काढतो. अ‍ॅनिमेटर राम मोहन १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये दाखल झाले, तेव्हा डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या मंडळींना शिकवत होते. पुढं १९७२ मध्ये राम मोहन यांनी स्वतःची संस्था काढली आणि असंख्य जाहिराती केल्या. २०१९ मध्ये ते गेले, तेव्हा लोकांनी त्यांना भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून निरोप दिला. हातानं चित्रं काढण्याच्या त्या काळी शिकाऊ मुलं मधली चित्रं काढत. उस्तादानं हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र द्यायचं, मधली शिष्यानं भरायची. कंटाळवाणं काम. पण त्याच कामात शिष्याच्या मनगटाला कळायचं, की वजन म्हणजे काय, थकवा म्हणजे काय, आणि हसू ओठांआधी डोळ्यांत कसं येतं.

आज यंत्र भरून टाकतं ते हेच मधलं अंतर. ते भरताना शिकायचं मात्र कुणी उरत नाही.

•

यंत्र ते कसं भरतं, हेही शांतपणे समजून घेऊ. त्याच्याविषयी मनात वैर नको.

ही प्रणाली अगणित चित्रफिती पाहून तयार झालेली असते. चित्र करायला सांगितलं की ती बहुधा निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करते. पूर्वी टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर मुंग्या दिसायच्या, तसा गोंधळ. मग टप्प्याटप्प्यानं तो गोंधळ कमी करत जाते. पाहिलेल्या साऱ्या चित्रांशी जुळेल, असं चित्र त्यातून वर येतं. आजी म्हटलं की आजी कशी दिसण्याचा संभव जास्त, हे तिला ठाऊक असतं. तुमची आजी मोदक वळताना जीभ दातांत का धरायची, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आणि सांगितलं नाही, तर ती विचारत नाही.

म्हणून तिच्या चित्रांत सगळं थोडंथोडं हलत असतं. बट हलते, पदर हलतो, वाफ हलते, कॅमेराही तरंगत राहतो. थांबत काहीच नाही. थांबायचं कुठं हे ठरवायला, इथं काहीतरी महत्त्वाचं आहे असं कुणाला तरी वाटावं लागतं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कोका-कोलानं आपली १९९५ सालची गाजलेली नाताळची जाहिरात एआयकडून नव्यानं करून घेतली. बर्फातून लाल ट्रक येतात, गाव उजळतं. जगभरच्या प्रेक्षकांनी तिच्यावर नाराजी व्यक्त केली. अनेकांनी बोट ठेवलं ते एका लहान गोष्टीवर. ट्रक पुढं सरकतो, पण चाकं रस्ता धरून फिरताना दिसत नाहीत. चाकाकडे सहसा कुणी मुद्दाम पाहत नाही. तरी ते खटकलं. रस्ता आणि चाक यांच्यात जे घर्षण असतं, तसंच काहीतरी करणारा आणि पाहणारा यांच्यातही लागतं. ते नसलं की नजर घसरत जाते.

डोळे मिटा. तीन श्वास घ्या. मनात एखाद्या बैलगाडीचं चाक आणा. त्याला चढ लागू द्या. ते कुठं जड होतं, ते पाहा.

•

आता एक ससा आठवा.

दूरदर्शनच्या दिवसांतला, लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला. ज्यांचं बालपण त्या काळातलं आहे, त्यांना त्याचं हसू अजून ऐकू येईल. तो ससा म्हणजे एक बाहुला. तो घडवला, हलवला आणि बोलता केला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला महाराष्ट्राच्या घराघरांत नेलं होतं. जिवणी उघडते आणि मिटते, कान हलतात, डोकं कलतं, एवढीच त्या सशाची मिळकत. आजच्या एआयच्या चित्रापुढं तो किती साधा! तरी तो होता. त्याच्या आत एक हात होता, आणि त्या हाताला माहीत होतं की हसण्याआधी डोकं जरा मागं जातं.

आणि जाहिरात कशाची, तर पापडाची. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन हा उद्योग सुरू केला. लाटणारे हात आणि हलवणारा हात, दोन्ही एकाच जातकुळीचे होते. म्हणून ती जाहिरात आपल्या वस्तूशी खोटं बोलत नव्हती.

दुसरी आठवण २००९ मधली. व्होडाफोनचे झूझू. आयपीएलच्या षटकांमध्ये ते पांढरेशुभ्र, अंडाकृती डोक्याचे जीव दिसले, तेव्हा अनेकांना ते संगणकावर काढलेले वाटले. ती खरी माणसं होती. प्रकाश वर्मा यांच्या दिग्दर्शनाखाली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये सडपातळ कलावंतांना पांढऱ्या पोशाखांत बसवून ते चित्रण झालं होतं. हालचाल मुद्दाम तुटक ठेवली होती. कार्टून वाटावं यासाठी माणसांनी एवढा खटाटोप केला. आपल्याला मात्र ते आतून गोड का वाटले, ते मागाहून कळलं. त्या पांढऱ्या पिशवीत कुणीतरी घामाघूम होऊन श्वास घेत होतं.

सशाच्या आतला हात आणि झूझूच्या आतला श्वास. थोडा वेळ या दोघांपाशी बसा.

•

इथं मनात एक शंका उठते. ती दाबू नका, समोर बसवा. फाळक्यांचा कॅमेरा यंत्रच होता ना? संगणकावर केलेल्या कितीतरी चित्रपटांनी आपल्याला रडवलं नाही का? आणि माणसांनी हातांनी केलेल्या किती जाहिराती मेलेल्या असतात!

शंका खरी आहे. म्हणून उत्तर शोधायला पेणला जाऊ.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती साच्यातून निघते. एका साच्यातून कितीतरी मूर्ती, सगळ्यांचं पोट सारखं, सगळ्यांची सोंड सारखी. साच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. हात जोडणं, घासणं, रंग मारणं, अशी कामं वाटून दिलेली असतात. पण सरतेशेवटी डोळ्यांची आखणी येते. ती हातानं. बारीक ब्रश, काळी रेघ. रेघ ओढताना हात हलू नये म्हणून श्वास रोखलेला. दिवसभरात कितीही मूर्ती पुढं आल्या, तरी प्रत्येक मूर्तीसमोर त्या एका क्षणी एक माणूस पूर्णपणे हजर असतो. तोवर ती मूर्ती माती असते. आखणी झाली की ती आपल्याकडे बघू लागते. घरी गुरुजी प्राणप्रतिष्ठा करतात ती पुढची गोष्ट.

तेव्हा भांडण साच्याशी नाही. एआय हाही एक साचा आहे, फार मोठा आणि फार हुशार. प्रश्न इतकाच, की आखणी कुणी केली? यंत्रानं दिलेली शंभर दृश्यं कुणीतरी नाकारली का? आजीची चिमूट चुकली, हे कुणाला दिसलं का? दिसल्यावर त्याला वेळ दिला गेला का? बहुतेक वेळा यंत्र आणलंच जातं ते हा वेळ वाचवण्यासाठी. मग वाचतो तो वेळ, आणि हरवते ती आखणी. निर्जीवपणा यंत्रातून येत नाही. जिथं कुणी पाहायला थांबलं नाही, तिथून तो येतो. माणसाच्या घाईतूनही तो असाच येतो.

•

पालेगावापासून थोड्याच अंतरावर, वालधुनीच्या काठी, अंबरनाथचं शिवमंदिर आहे. त्यातल्या शिलालेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहार राजा मुम्मुणी याचा तो काळ. काळ्या पाषाणाच्या भिंतीवर मूर्तींची गर्दी आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की वर आकाश दिसतं, कारण शिखर पूर्ण नाही.

मनानं त्या भिंतीजवळ उभे राहा. हात न लावता एका मूर्तीकडे पाहा. कमरेतला बाक, उचललेली टाच. साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ ती टाच तशीच आहे, जराही हललेली नाही. तरी पुढचं पाऊल कुठं पडणार, हे आपल्याला कळतं. पाथरवटानं तिला पाऊल टाकू दिलं नाही, पण टाकायची इच्छा तिच्यात भरून ठेवली. फोनवरच्या आजीजवळ हालचाल होती, इच्छा नव्हती. या दगडापाशी हालचाल नाही, इच्छा आहे.

त्या पाथरवटाचं नाव आपल्याला मिळत नाही. पण छिन्नी किती हळू धरली होती, हे अजून वाचता येतं.

•

कीर्तनकार उभे राहिले की श्रोत्यांकडे अवधान मागतात. मागण्याआधी त्यांनी स्वतः त्या अभंगावर रात्री घालवलेल्या असतात. म्हणून मागण्याचा त्यांना अधिकार असतो. जाहिरातही आपल्याकडे अवधानच मागते. तीस सेकंद, आपल्या आयुष्यातले. ३६० चित्रं काढणाऱ्यानं, सशात हात घालून बसणाऱ्यानं, ते आधी दिलेलं असतं, म्हणून आपण दिलेलं वाया गेल्यासारखं वाटत नाही. देणं आणि घेणं पुरं होतं. त्या आजीच्या जाहिरातीत मी पाहत होते, पण माझ्याआधी तिच्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं. माझी नजर गेली आणि तिला परत आणायला समोर कुणी नव्हतं. घर रिकामं वाटलं, ते यामुळं.

आता फोन सुलटा करा. एखादी जाहिरात येईल. ती हातानं केलेली आहे की यंत्रानं, हे ओळखण्याची शर्यत लावू नका. एकच विचारा: इथं माझ्याआधी कुणी थांबलं होतं का? उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर फोन पुन्हा उपडा ठेवा.

समोर त्या दोन काड्या आहेत. तुम्ही जवभर, जवभर सरकवलेली ती पहिली काडी कुठवर आली, पाहा. अजून दुसरीपर्यंत पोचली नसेल. तिला शेवटचा एक जव पुढं करा. काड्यांची डोकी टेकू द्या.

आता तीच काडी उचला. पेटीवर ओढण्याआधी हात जरा मागं जाईल. त्या मागं जाण्याकडे लक्ष असू द्या. मग ओढा, आणि देवापुढचं निरांजन लावा.